नाकाची सर्जरी : सिलिकॉन की बरगडीचं कार्टिलेज? आणि डॉक्टर कुठला?

सुरंगी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ३१, वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते, शाळेत शिकवते. सहावीत असताना विहिरीवर पाय घसरून रहाटाच्या लाकडावर तोंडावर आपटले होते. नाकातून रक्त आलं, आईने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पाच-सहा दिवस नाक चोंदलेलं राहिलं, मग सूज उतरली आणि विषय संपला. पुढे वाढत्या वयात नाकाच्या दांडीला मधोमध खळगा पडत गेला. समोरून फारसं कळत नाही, बाजूने फोटो काढला की नाक मध्येच खचल्यासारखं दिसतं. उजव्या नाकपुडीतून श्वासही कमी येतो. "हौस आहे हिला" असं कोणी म्हणणार असेल तर म्हणा. थोडी हौसही आहे, नाकारत नाही.

आतापर्यंत दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले सिलिकॉनचा तुकडा आयता मिळतो, तो सरकवायचा, पाऊण तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्यांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले की आत मालच शिल्लक नाही, बरगडीचं कार्टिलेज (कूर्चा, लवचिक मऊ हाड) काढून नाकात घालावं लागेल. साडेतीन तास, छातीवरही टाके, खर्च जवळजवळ दुप्पट.

दोघंही तितक्याच खात्रीने बोलतात. मी कोणाचं ऐकू? आणि सर्जरी कोल्हापूर, मुंबई, गोवा कुठेही केली तरी नंतर राहणार इथेच. इथे राहून हे निभावलेलं कोणी आहे का?

---

तिरफळ | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

माझ्या आजयेचा नाक बसका होता, तरी तिना सात पोरां नि शंभर कलमां वाढयली. कित्याक चिरून घेतंस गे?

---

सुरंगी | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३१

आजयेक श्वास येय होतो मां? माका रात्रीचो येणा नाय :)

---

काजूबी | १५ ऑक्टोबर, रात्री १२:०५

सिलिकॉनवाली हजर आहे, म्हणजे माजी सिलिकॉनवाली.

नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात करून घेतलं. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव विचारू नका. दांडीपासून शेंड्यापर्यंत एकच तुकडा होता, काटकोनात वळलेला. पहिली तीन वर्षं काय कौतुक! लग्नातल्या फोटोंत चाफेकळी नाक. चौथ्या वर्षापासून एसीत बसलं की शेंडा लाल व्हायला लागला. मग कातडी चकचकीत, ताणलेली दिसायला लागली. उजेडाकडे तोंड केलं की आतली कड जाणवायची. एक दिवस शेंड्यावर पुटकुळी आली, पांढरट. मी वेड्यासारखं तिला तुरटी लावत बसले. ती पुटकुळी नव्हतीच. आतला तुकडा कातडी पातळ करत करत बाहेर डोकावत होता.

काढावा लागला. मग वर्षभर थांबून कानाचं कार्टिलेज घालून डागडुजी केली. त्या वर्षभरात आक्रसलेलं नाक घेऊन मी ऑफिसला जात होते. सगळ्यांचं असं होतं असं म्हणत नाही, माझ्या जावेच्या बहिणीचं सिलिकॉन अजून ठणठणीत आहे. पण पाऊण तासाचं काम म्हणणाऱ्याला एवढं विचार, की पाच-सात वर्षांनी हे काढायची वेळ आली तर कोण काढणार आणि त्याचे किती घेणार? मला तेव्हा कळलं की काढणं हे वेगळं बिल असतं.

---

नाईट_ड्युटी | १५ ऑक्टोबर, रात्री २:४७

प्लास्टिक सर्जरीत शिकतोय, अजून पूर्ण सर्जन नाही, त्या हिशेबाने वाचा. आणि तपासल्याशिवाय कोणी नेमकं सांगू शकत नाही, हे धरूनच चला.

सुरंगी, सहावीतली गोष्ट वाचून चुटपुट लागली. नाकाला मार लागला की कधी कधी मधल्या पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचतं. कार्टिलेजला स्वतःची रक्तवाहिनी नसते, ते या अस्तरावरच पोसलं जातं. मध्ये रक्त साचलं की रसद तुटते आणि दोन-तीन दिवसांत कार्टिलेज मरायला लागतं. मांडवाची मधली मेढ काढली की कापड जसं बसतं, तसं मग वरचं नाक बसतं. तुझं बहुधा तेच झालं असावं. म्हणून इथल्या आईबापांसाठी लिहितो : मुलाच्या नाकाला मार लागला आणि नंतर नाक चोंदून दुखायला लागलं, तर पट्ट्या ठेवत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. साचलेलं रक्त वेळेत काढलं तर नाक वाचतं.

आता सामान. साध्या नाकाच्या सर्जरीत पहिली पसंती त्याच पडद्यातल्या कार्टिलेजला. सरळ असतं, हाताशी असतं. पण ते सगळं काढता येत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला किमान एक-एक सेंटीमीटरची पट्टी आधाराला ठेवावीच लागते. तुझ्याकडे तीच खचलेली आहे, तेव्हा दुसरे डॉक्टर "माल नाही" म्हणाले ते पटण्यासारखं आहे.

मग कान. कानाच्या वाटीतलं कार्टिलेज चांगलं, पण वाकडं आणि थोडंच. शेंड्याला छान, आधाराची मेढ उभारायला कमजोर. बरगडी भरपूर आणि दणकट, पण ती वाकते. नारळाचं ओलं चूड वाळलं की पीळ मारतं ना, तसा बरगडीचा काप काही दिवसांनी वळतो. त्यावर युक्त्या आहेत : गाभ्याचा भाग घेणं, तिरके काप काढणं, किंवा बारीक तुकडे करून डोक्याच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याच्या पिशवीत भरणं. वय वाढलं की बरगडीच्या कार्टिलेजमध्ये चुना साचतो, ते कापायला कठीण जातं. ३१ ला सहसा ती अडचण नसते.

सिलिकॉन म्हणजे विष नाही. कोरियात त्याचा वापर खूप आहे, आणि तिथे बऱ्याच जणांची नाकाची कातडी जाड, मूळची गरज फक्त दांडी उंच करण्याची. सिलिकॉनला शरीर चिकटत नाही, भोवती पिशवी तयार करतं. म्हणून काढायला सोपं, आणि म्हणूनच सरकतंही. मेडपोर आणि गोअर-टेक्स या दुसऱ्या कृत्रिम पदार्थांना बारीक छिद्रं असतात, त्यात पेशी शिरतात, ते जागा धरून बसतात. पण जंतुसंसर्ग झाला तर त्यांना सोडवून काढताना नाकाचे हाल होतात, मेडपोरचे जास्त. कुठलीही परकी वस्तू दांडीवर त्यातल्या त्यात निभते. शेंड्यावर, जिथे कातडी सतत हलते आणि ताणली जाते, तिथे धोका वाढतो. काजूबी यांचं तेच झालं.

मुख्य मुद्दा : तुझ्या नाकाला आतला आधार नाही. नुसता वरून तुकडा ठेवला तर खळगा झाकेल, श्वास सुधारणार नाही. त्या पहिल्या डॉक्टरांनी आत बघितलं होतं का?

---

सुरंगी | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

नाही बघितलं. मोबाइलवर फोटो काढला आणि त्यावर बोटाने नवीन नाक काढून दाखवलं.

---

मोडी_वाचक | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

अवांतर, पण राहवत नाही. कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची जी पद्धत जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून शिकवतात, तिचं युरोपातलं गाजलेलं वर्णन पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचं आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. तो पकडला गेला, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा साचा नाकावर बसवून, तो कपाळावर पसरून, तेवढी कातडी खाली वळवून नाक उभं केलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ ला हे चित्रासह छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. सुश्रुतसंहितेतही नाक जोडण्याचं वर्णन आहेच, पण तिथे कातडी गालाची आहे.

कावसजीचं नाव उरलं, ज्याने नाक केलं त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

---

दर्यासारंग | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३३

चिरफाड न करता इंजेक्शनने नाक सरळ होतं म्हणे? माझी मामेबहीण एका पार्लरमध्ये चौकशी करून आली. पंधरा मिनिटांचं काम, 'लंच टाइम नोज जॉब' असा बोर्ड आहे.

---

नाईट_ड्युटी | १६ ऑक्टोबर, रात्री १२:१०

पार्लरमध्ये अजिबात नको. तो हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे कातडीखाली भर घालायची जेल. थोड्या महिन्यांनी विरघळतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर वाहिनीत गेला तर कातडी काळी पडून झडते, आणि क्वचित दृष्टी जाते, कायमची. ज्याच्या हाताशी तो विरघळवणारं हायलुरॉनिडेज नाही आणि काय बिघडतंय हे ज्याला पहिल्या काही मिनिटांत ओळखता येत नाही, त्याने नाकाला सुई लावू नये. आधी सर्जरी झालेल्या नाकाला तर धोका अजून जास्त. आणि फिलर फक्त भर घालतो. मोठं नाक लहान करत नाही, श्वास मोकळा करत नाही.

---

घाटावरची | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४८

बरगडीवाली इथे. तीन वर्षं झाली. नाकाचं दुखणं मला आठवतही नाही, छातीचं आठवतं. पहिला आठवडा हसणं, शिंकणं, खोकणं आणि कुशीवर वळणं ही चार कामं उशी छातीशी धरूनच करायची. माझा नवरा विनोदी आहे, त्याला माहेरी पाठवला होता (त्याच्या).

टाका स्तनाच्या खालच्या घडीत घेतात, साधारण दोन पेरांएवढा, आता शोधावा लागतो. बरगडी काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडायचा धोका असतो, तो क्वचित, पण कागदावर सही करताना वाचला की घाम फुटतो. डॉक्टरला विचारायचंच : ही गोष्ट तुमच्या हातून कधी झाली का, झाली तेव्हा काय केलंत? माझे डॉक्टर म्हणाले "एकदा झाली", आणि पुढचं सगळं सांगितलं. त्या उत्तरावर मी त्यांना निवडलं. आधीचे एक साहेब "आमच्याकडे असं होत नाही" म्हणाले होते.

पदवी बघ. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीआरएनबी, नाहीतर कान-नाक-घशाचे एम.एस. जे नाकाचीच कामं जास्त करतात. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणजे सर्जन नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला म्हणून कोणी रागावलं तर चप्पल घालायची आणि निघायचं. फोटो वर्षानंतरचे माग, महिन्यानंतरचे नको. बाजूचे माग, आणि बरगडी घातलेल्या नाकांचे माग.

आणि पैशाचं : सौंदर्यासाठीच्या सर्जरीला १८ टक्के जीएसटी लागतो, पण जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघाताची इजा दुरुस्त करायची असेल तर तो लागत नाही. तुझी केस अपघाताची आहे, कागदावर तसं लिहून घे. विम्यालाही आधी पत्र टाक. नुसत्या देखणेपणाचे पैसे विमा देत नाही, श्वासाच्या अडथळ्याचं वेगळं लिहून दिलं तर त्या भागाचा विचार होऊ शकतो.

---

सुरंगी | २१ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. तिसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, कोल्हापूरला. ठरलं.

का ठरलं ते लिहिते, कारण पदवी आणि फोटो तिघांकडेही होते. यांनी नाकात दुर्बीण घातली, बोटाने दांडी चाचपली, मग दहा मिनिटं फक्त काय होणार नाही ते सांगितलं. कातडी जाड आहे, शेंडा फार बारीक येणार नाही. नाक अगदी सरळ रेघेत येईल असं वचन देत नाही. दहा-बारा जणांत एखाद्याला पुन्हा टेबलावर यावं लागतं, तुम्हालाही लागू शकतं. मग विचारलं, "गाव कुठलं? रात्री दोनला रक्त आलं तर कुठे जाल?"

हे मला आधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. सिलिकॉन की बरगडी यावर मी तीन महिने घालवले, आणि फोंडा घाट रात्री दोनला कोण चढणार याचा विचार केला नव्हता. त्यांनी कुडाळच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना समोरच फोन लावला, काय करणार आहे ते सांगितलं, माझ्या हातात चिठ्ठी दिली. बरगडी ठरली आहे. तारीख मेमध्ये, सुट्टीत.

---

तिरफळ | २१ जानेवारी, रात्री १०:४०

मे म्हयन्यात? घामान पट्टी गळान पडात मगे. पण बरा झाला, जा.

---

सुरंगी | १९ मे, सकाळी ७:३०

तेरावा दिवस. तिरफळ यांची जीभ काळी आहे, पट्टी खरंच गळून पडली.

क्रमाने लिहिते. दोन आठवडे आधीपासून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद. मोरणी काढायला लावली, ती वीस वर्षं काढली नव्हती, सोनाराकडे जावं लागलं. पूर्ण भूल. जाग आली तेव्हा घसा कोरडा ठक्क, नाक बंद, तोंडाने श्वास. पहिली रात्र वाईट. दुखत नव्हतं तेवढं, गुदमरल्यासारखं होत होतं. तोंडाने श्वास घ्यायची सवय आधी आठवडाभर करून ठेवा.

तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं. डोळ्यांखाली कोकमाच्या रंगाचे डाग, दोन्ही डोळे बारीक. मावशी म्हणाली दशावतारातला राक्षस दिसतेस. खाणं : उकड्या तांदळाची पेज, त्यात तूप-मीठ. चावायला वरचा ओठ हलवावा लागतो आणि तो हलवला की कळतं. सातव्या दिवशी वरचा साचा काढला, टाके काढले. नाक मोठं आणि वर उचललेलं दिसलं, मी तिथेच रडले. नर्स म्हणाली सगळ्या रडतात, सूज आहे.

आठव्या दिवशी घाट उतरले. कोणी सांगितलं नव्हतं असं एक : घाटात कानाला दडे बसतात आणि हात आपसूक नाक दाबून फुंकायला जातो. ते करायचं नसतं! मी फोंड्यापर्यंत आवंढे गिळत, लिमलेटच्या गोळ्या चघळत आले.

घरी आल्यावर उकाडा, त्यात दुपारी दोन तास लाइट नाही. शेंड्यावरची चिकटपट्टी घामाने सुटली. फोन केला, डॉक्टर म्हणाले ओढून काढू नका, सुटली असेल तेवढी कापा, कातडी कोरडी करून नवीन लावा. आता पहाटे, गार असताना लावते, तेव्हाच टिकते.

आजीचे आणि माझे वाद रोज. तिला नाकात कोमट तूप सोडायचं आहे आणि वाफारा द्यायचा आहे. दोन्हीला डॉक्टरांची मनाई, फक्त मिठाच्या पाण्याचा फवारा आणि मलम. काल तिने भात झोडलेल्या पेंढ्याची धूळ उडवली आणि मला शिंक आली. तोंड आ करून शिंकले, नाक वाचलं, उशी जवळ नव्हती म्हणून छाती नाही वाचली.

अकराव्या दिवशी रात्री रक्त आलं. रुमाल भरला. डोकं पुढे करून बसले, अर्ध्या तासात थांबलं नाही म्हणून कुडाळ गाठलं. चिठ्ठी दाखवली, त्यांनी आत बघितलं, एक खपली सुटली होती. वीस मिनिटांत घरी.

---

घाटावरची | १९ मे, सकाळी ९:१२

ती चिठ्ठी लॅमिनेट करून ठेव बाई.

---

काजूबी | १९ मे, सकाळी १०:००

नाक वर उचललेलं वाटतंय त्याची काळजी नको, ते खाली बसतं. बरीचशी सूज तीन महिन्यांत जाते, शेंड्याची वर्षभर रेंगाळते, जाड कातडीला जास्तच. रोज फोटो काढू नकोस. मी काढत होते आणि रोज नवीन दोष शोधत होते. पंधरवड्याने एक, त्याच खिडकीत.

---

सुरंगी | २ सप्टेंबर, रात्री ११:०५

चौथा महिना. सकाळी शेंडा टणक आणि सुजलेला, संध्याकाळपर्यंत बरा. खूप खारट खाल्लं, सुके बांगडे वगैरे, की दुसऱ्या दिवशी नाक फुगलेलं वाटतं. शेंड्याला आणि वरच्या पुढच्या दातांना अजून थोडी बधिरता आहे. बाजूने खळगा गेला. अगदी सरळ नाही, डावीकडे केसभर कललेलं आहे. ते मला आणि डॉक्टरांनाच दिसतं, आम्ही दोघं त्याच्याकडे लक्ष ठेवून आहोत. काही करायचंच झालं तर वर्ष उलटल्याशिवाय नाही.

उजव्या बाजूने श्वास येतो. पहिल्यांदा लक्षात आलं ते जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर शाळेतून येताना. ओल्या मातीचा वास एकाच नाकपुडीतून यायचा तो दोन्हींतून आला, आणि मी रस्त्यात उभी राहिले.

गौरीला नथ घालायची होती. परवानगी मिळाली नाही. चापाची नथसुद्धा नको म्हणाले, वजनाने आणि दाबाने नाकपुडीचा आकार बदलू शकतो, सहा महिने तरी थांबा.

---

केवड्याचं_पान | १० एप्रिल, दुपारी ४:२०

पूर्ण धागा वाचला. माझी सर्जरी पुढच्या महिन्यात आहे. मला मोठा नंबर आहे, चष्म्याशिवाय दिसत नाही, लेन्स सोसत नाहीत. सहा आठवडे दांडीवर चष्मा नको म्हणतात. काय करायचं? आणि स्कूटर?

---

सुरंगी | १० एप्रिल, रात्री ९:५०

मलाही चष्मा आहे. कपाळाला चिकटपट्टी, तिला दोरा, दोऱ्याला चष्म्याचा मधला पूल बांधायचा. दांडीला टेकत नाही. विचित्र दिसतं, वर्गात मुलं हसली असती, पण सुट्टी होती. चष्मा हलका कर, जुनी जाड काच असेल तर प्लास्टिकची घे. डॉक्टरांना दाखवून मगच वापर.

स्कूटर चार आठवडे नको असं मला सांगितलं होतं. तुझं कार्टिलेज कानाचं घेणार असतील तर हेल्मेट त्याहून उशिरा, कान दुमडला जातो घालताना. पुढून उघडणारं हेल्मेट बघ. डोक्यावरून ओढून घालायचे कपडे बाजूला काढून ठेव, पुढे बटणं असलेले दोन-तीन गाऊन शिवून घे. दोरा बांधलेल्या चष्म्याचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करते.